जिप्सीला जादा वजन पेलवायचंय? पाटा कसा वाढवावा

मागे दोन जेरीकॅन, वर रूफ रॅक, टूलबॉक्स, तंबू आणि आत चार माणसं. एवढं झालं की जिप्सीची शेपटी बसते आणि घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल बंपस्टॉपवर, म्हणजे रबरी ठोकळ्यावर, आदळतो. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "लांब शॅकल टाक, दोन इंच उचलून घे." शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारा झुलता दुवा. गाडी उंच होते, पण जास्तीचं एक किलो वजनही पेलत नाही, कारण खाली पाटा (लीफ स्प्रिंग, एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) तोच असतो. शिवाय जिप्सीची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल) कमी होतो आणि हायवेला स्टिअरिंग भटकायला लागतं. (जिम्नी आणि नव्या थारला पाटे नाहीत, कॉइल आहेत. त्यांनी वजनाचा हिशेब तेवढा इथून घ्यावा.)

आधी वजनकाट्यावर जा. गाडी सहलीला निघते तशी भरा, टाकी फुल्ल, माणसं आत. आधी पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन पावत्या घ्या. मग हेच रिकाम्या गाडीचं करा. दोन्हींतला फरक म्हणजे जादा वजन. वीस लिटरचा भरलेला पेट्रोलचा कॅन पत्र्यासकट एकोणीस-वीस किलोंचा होतो, पाण्याचा त्याहून जड. अंदाज नेहमी कमीच निघतो. माझा निघाला होता ऐंशी किलो, काट्याने मागच्या ॲक्सलवर 140 किलो जादा दाखवले. सोबत चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, रिकामी आणि भरलेली, लिहून ठेवा. माझी मागची बाजू 45 मिमी बसत होती.

हे वजन वर्षातून दोनदाच चढत असेल तर पाट्यांना हात लावू नका, सामान कमी करा. रिकाम्या गाडीत जड पाटे म्हणजे रोज कंबरेला मार. आणि पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. तो आकडा ओलांडत असाल तर उपाय गॅरेजमध्ये नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं तेही कामाआधी वाचा.

पाटा निवडताना लोक जाडीवर जातात. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: 6 मिमीच्या जागी 7 मिमी घेतला की तो एकटा पाटा दीडपटीहून जास्त ताठ होतो, 8 मिमीला सव्वादोनपटीच्या वर. एकच जाड पाटा घातला की बाकीच्यांइतकंच वाकताना त्याच्यावर ताण जास्त येतो. म्हणून मूळ पाट्यांच्याच जाडीचा आणि लांब पाटा घ्या, मुख्य पाट्याखाली दुसऱ्या-तिसऱ्याच्या लांबीचा. खाली आखूड तुकडा टाकून देणारे पाटेवाले टाळा. त्या तुकड्याच्या टोकाशी वरचा पाटा बिजागरीसारखा मोडतो. जुने पाटे गॅसने तापवून कमान चढवून देतो म्हणणाऱ्याला तर नमस्कार करून निघा. पोलादाचं पाणी गेलं की ते पाटे महिन्या-दोन महिन्यांत परत बसतात.

उतरवणं सोपं आहे: चॅसिस स्टँडवर, ॲक्सलखाली दुसरा जॅक, एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जोडलेली असली की ॲक्सल जागेवर राहतो. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) काढण्याआधी संच दोन सी-क्लॅम्पने आवळा, नाहीतर पाटे उसळून बोटं घेतील. नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू बोल्ट (पाट्यांचा संच ॲक्सलला आवळणारे) घ्या, दोन्ही वाढलेल्या जाडीइतके लांब. जुने यू बोल्ट ताणले गेलेले असतात, ते परत वापरू नका. रिबाउंड क्लिपा (पाट्यांना बाजूने कवटाळणाऱ्या पट्ट्या) ठोकून पुन्हा बंद करा. त्या उघड्या राहिल्या तर चाक खाली लटकल्यावर सगळा भार मुख्य पाट्यावर येतो.

आता जिथे मी आपटलो ते.

पहिल्या वेळी सगळं नीट बसवलं आणि गाडी स्टँडवर असतानाच प्रत्येक नट पूर्ण आवळला. खाली उतरवली तर शेपटी आकाशात. वाटलं, वा, काय जोर आहे पाट्यात! तो जोर पाट्याचा नव्हता, रबराचा होता. चाकं लटकलेली असताना पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल वेटोळ्यातला) आणि शॅकलमधला रबरी बुश आवळला की रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते पिळलं जातं, आणि पुढे प्रत्येक खड्ड्याला त्याच पिळात काम करतं. दोन महिन्यांत चारही बुश कडेने फाटले. डोळ्यातून काळा चुरा गळत होता आणि रात्री अंगणात शिरताना गाडी जुन्या लाकडी दारासारखी करकरायची.

यू बोल्टचं त्याहून वाईट झालं. सेंटर बोल्टचं गोल डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, पण ॲक्सल धरून ठेवायचं काम त्याचं नाही, ते यू बोल्टांच्या दाबाचं. नव्या पाट्यावर रंग होता. मी तो खरवडला नाही. रंग चुरडला, दाब गेला आणि एका घाटात उतारावर ब्रेक मारल्यावर मागून 'टक्' असा आवाज आला. सेंटर बोल्ट कापला गेला होता, डावीकडचा ॲक्सल बोटभर मागे सरकला होता. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत घरी आली.

म्हणून आता असं करतो. पाट्यांच्या मधल्या भागाचा रंग पूर्ण घासून काढतो. डोकं भोकात बसलंय का ते बोटाने चाचपतो. यू बोल्ट हाताने लावून कोपरे आळीपाळीने थोडेथोडे आवळतो, चारही नटांबाहेर सारखीच आटी दिसेपर्यंत. शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट फक्त जागेवर, सैल. मग चाकं लावून गाडी जमिनीवर, तेच सामान आत, दोघांना मागे उभं करून दहा-बारा वेळा जोरात दाबायला लावतो. पाटे बसतात, शॅकल आपला कोन घेते. त्यानंतरच, गाडीखाली पाठीवर पडून, टॉर्क पाना घेऊन आधी यू बोल्ट आणि मग शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यांवर आवळतो. अवघड आहे, अंग चिखलात जातं. "वर असतानाच आवळून टाकू साहेब" म्हणणाऱ्या मेकॅनिकला चहा पाजा आणि थांबवा.

शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. पहिल्यांदा पाव फेरी हमखास फिरते. पाचशेला परत. त्यानंतर फिरत असेल तर काहीतरी घसरतंय.

शॉकॲब्सॉर्बर तपासा: चाक पूर्ण लटकवल्यावर तो ताणून थांबत असेल तर लांब घ्या, नाहीतर त्याचा रॉड उखडतो. ब्रेकचा पाइपही त्याच स्थितीत सैल हवा. मागे ब्रेकला वजनानुसार चालणारा वॉल्व असेल तर त्याचा रॉड नव्या उंचीला लावून घ्या, कारण त्याला गाडी रिकामीच वाटत राहते. शेवटी भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट नव्याने सेट करा.