ओटी टेस्ट टोकाच्या नळावर करा

टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलं म्हणजे गावाचं पाणी शुद्ध झालं, असं धरून चालू नका. गावाच्या पाण्याची तपासणी बघणाऱ्या जलसुरक्षकाला सोबत घेऊन ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते ऑर्थोटोलिडीन या द्रावणानं बघायची चाचणी, वस्तीच्या अगदी शेवटच्या नळावर करा. तपासणीच्या नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. तो रंगपट्टीशी ताडून बघा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथंही उरलं पाहिजे. टाकीजवळ पिवळं आणि टोकाला रंगच नाही, असं झालं तर गटाराला लागून गेलेली पाइपलाइन आधी तपासा, गळती तिथं असू शकते. टीसीएलची पिशवी मात्र घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा. दमट हवेत पावडरीचा जोर उतरतो, मग माप बरोबर असूनही उपयोग नाही. तपासलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका.