कॉलेज निवडताना: फी किती आणि मुलं कुठकुठली?

पुण्यात शिकायला येताय आणि सीईटीचा निकाल, उत्पन्नाचा दाखला, जातीची कागदपत्रं तुमच्या फाइलीत आहेत असं धरते.

आधी फी. इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची कॉलेजनिहाय मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा, एजंटला विचारू नका. त्यात खोली, मेस आणि पीएमपी बसच्या पासाचा खर्च मिळवा. कर्वेनगरला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहायचं तर डिपॉझिट वेगळं धरा.

मग सवलत. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत 2024-25 पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. हे न बघता जागा पक्की करणारे पालक दर जूनमध्ये भेटतात आणि मला फार वाईट वाटतं.

आता अवघड पायरी: कॅम्पसवरचं वैविध्य ओळखायचं कसं? माहितीपत्रकातला ‘अनेक राज्यांतले विद्यार्थी’ हा मजकूर मी वाचतच नाही. महागड्या कॅम्पसवर दिल्ली, इंदूर, कोलकात्याची मुलं खरोखर असतात, पण बहुतेकांच्या घरची मिळकत सारखीच असते. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात गडचिरोलीच्या शेतमजुराची मुलगी आणि सदाशिव पेठेतल्या डॉक्टरचा मुलगा एकाच प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये येऊ शकतात. मला हे वैविध्य जास्त मोलाचं वाटतं. महागड्या कॅम्पसवरच्या वैविध्यासाठी कर्ज काढू नका, असं मी ठामपणे सांगते.

कॉलेज बघायला जाल ते चालू दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. कॅन्टीनमध्ये कोण कोणाबरोबर बसतं ते पाहा. पहिल्या वर्षाचे वर्ग पाहून मत बनवू नका. तिथे सगळेच असतात. तिसऱ्या वर्षाच्या, बाहेरगावाहून आलेल्या मुलांना गाठा आणि विचारा: तुमच्याबरोबर आलेल्यांपैकी कोण सोडून गेलं? प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये कोणी घेतलं का? महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे, पैसे यायच्या आत कॉलेज पूर्ण फी मागतं का?

हा शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका. माझ्या भाचीच्या कॉलेजने शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत परीक्षेचे अर्ज अडवून धरले होते. तिच्या वर्गात लांबलांबच्या जिल्ह्यांतल्या मुली होत्या. ज्यांना उसने पैसे मिळाले नाहीत त्या घरी परतल्या. गरीब मुलांना टिकू न देणाऱ्या कॉलेजात पहिल्या वर्षी दिसणारं वैविध्य पुढे उरत नाही.

राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थांच्या वसतिगृहात वेळेवर अर्ज करा. 1955 पासून ही संस्था गावाकडच्या मुलांची कमी खर्चात सोय करते, आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांची मुलं तिथे रोज एका पंगतीत जेवतात. कॉलेजात जे कमी पडतं ते इथे मिळतं.

शेवटी ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपसाठी भरायची कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षापर्यंत झेपेल असंच कॉलेज वर लिहा.