स्वस्तातलं एस्प्रेसो मशीन: काय बघून घ्यावं, कसं चालवावं

खोक्यावर ठसठशीत ‘15 बार’ किंवा ‘20 बार’ छापलेलं असतं आणि दुकानदारही तिथंच बोट ठेवतो. पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. एस्प्रेसो उतरायला पावडरीपाशी साधारण 9 बार पुरतात आणि तेवढा दाब आठ-दहा हजारांच्या पंपाच्या मशीनमध्येही मिळतो. 15 ऐवजी 20 बार हवेत म्हणून दोन हजार जास्त मोजण्यात अर्थ नाही. घरची कॉफी बिघडते ती पावडर, पाणी आणि घाई या तिघांमुळं. म्हणून पैसेही तिकडेच वळवावेत.

मात्र एक फरक खराच मोठा आहे. चार-सहा हजारांत मिळणारी, काचेचं भांडं असलेली 800 वॉटच्या आसपासची मशीनं पंपाची नसतात. बंद टाकीत पाणी उकळतं आणि वाफेच्या जोरावर पावडरीतून ढकललं जातं. दाब 3.5 ते 5 बार, पाणी मात्र उकळतं, त्यामुळं चव करपट होते. चार माणसांची दुधाची कडक कॉफी एकदम करायला ते चालेल, पण त्याला एस्प्रेसो म्हणू नका. तेवढंच बजेट असेल तर मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) आणि दूध फेसाळायचा हातातला फ्रॉथर घ्या. चव उजवी येते आणि बिघडण्यासारखं काही नसतं. वाफेचं मशीन घरात आधीच असेल तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: टाकीचं झाकण उघडण्याआधी वाफेची नळी उघडून आतला सगळा दाब सोडायचा.

पंपाचं मशीन घेताना कॉफी भरायचं हँडल काढून हातात घ्या. स्वस्त मशीनमध्ये ते बहुधा 51 मिमीचं असतं. आतली जाळी उलटी करून बघा. खालून एकच बारीक भोक दिसलं तर ती दुपदरी जाळी. ती स्वतःच दाब तयार करते, त्यामुळं विकतच्या पावडरीवरही वर फेस येतो. खालून शेकडो भोकं दिसली तर एकपदरी. ती खरी एस्प्रेसोची, पण ताजी आणि अचूक दळलेली कॉफी नसेल तर तिच्यातून नुसतं पाणी धो-धो येतं. मशीनसोबत दोन्ही मिळाल्या तर उत्तम. नाहीतर त्या मापाची एकपदरी जाळी वेगळी मिळते का, हे आधीच बघून ठेवा.

दुसरी चौकशी प्लगची. 1350 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर जवळजवळ 6 अँपिअर ओढतं. स्वयंपाकघरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर ते लावू नका, गीझर-ओव्हनसाठीचा 16 अँपिअरचा पॉइंट वापरा. तिसरी चौकशी सर्व्हिसची. सांगली-साताऱ्यात दुरुस्ती होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा. पंप गेल्यावर हा प्रश्न मशीनच्या किमतीइतकाच महाग पडतो.

आता ग्राइंडर. पंधरा हजार हातात असतील तर नऊ हजार मशीनला, चार हजार हातानं फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरला आणि उरलेले वजनकाटा, टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा), दूध फेसाळायचा स्टीलचा जग यांना, अशी वाटणी करा. चौदा हजारांचं मशीन आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळलेली कॉफी ही वाटणी सर्रास होते आणि ती सर्वांत वाईट. मिक्सरमध्ये निम्मी कॉफी पिठासारखी आणि निम्मी कण्यांसारखी राहते. पिठाचा भाग कडूपणा सोडतो, कण्यांचा आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात उतरतात. ग्राइंडर स्टीलच्या शंकूच्या आकाराच्या बरचा (दळणाऱ्या दातेरी चक्राचा) घ्या. दळण बारीक-जाड करायच्या फिरकीची एक टिचकी (एक टप्पा) 25 मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी फरक करणारी हवी. टिचक्या मोठ्या असतील तर एका टिचकीवर कॉफी वाहते आणि पुढच्या टिचकीवर तुंबते. वजनकाटा 0.1 ग्रॅम दाखवणारा घ्या.

ग्राइंडर परवडत नसेल तर दुपदरी जाळी वापरा आणि ‘मोका पॉट’ किंवा ‘एस्प्रेसो’ दळण मागून 100 ते 250 ग्रॅमच पावडर आणा. दोन आठवड्यांत संपवा.

किराणा दुकानातल्या फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचं प्रमाण बघा. ते 49 टक्क्यांपर्यंत असू शकतं. अशी पावडर मशीनमध्ये काळीभोर आणि जड कडू उतरते. इन्स्टंट तर जाळीत कधीच घालू नका, ती विरघळून आत चिकटते. चिक्कमगळूर किंवा कोडगूच्या बिया मध्यम-गडद भाजणीच्या घ्या. हलकी भाजलेली कॉफी स्वस्त मशीनच्या डळमळीत तापमानात आंबटच लागते. कॅपुचिनोसाठी 20-30 टक्के रोबस्टा (कॉफीची जास्त कडक जात) मिसळलेलं चालतं, किंबहुना दुधातून चव वर यायला ते बरंच. पाकिटावर भाजणीची तारीख हवी. भाजल्यापासून साधारण एक ते सहा आठवडे हा चांगला काळ. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे पावसाळ्यात पावडर ओल धरते, म्हणून डबा घट्ट झाकणाचा ठेवा आणि लागेल तेवढंच दळा.

शॉट (एका वेळची एस्प्रेसो) काढताना

हिरवा दिवा मिनिटभरात लागतो, पण तेव्हा हँडलचा धातू थंडच असतो. रिकामं हँडल लावून मशीन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. घाई असेल तर त्यातून दोनदा गरम पाणी सोडा. मग जाळी कोरडी पुसा.

51 मिमीच्या दोन कपांच्या जाळीत 14 ग्रॅम कॉफी. दळण पिठीसाखरेपेक्षा किंचित रवाळ (दुपदरी जाळीत बारीक मिठाइतकं). गुठळ्या सुईनं मोडा, पावडर सपाट करा आणि टॅम्पर सरळ ठेवून दाबा. किती जोर लावला यापेक्षा तिरकं दाबलं गेलं नाही ना, हे महत्त्वाचं. कडेची पावडर बोटानं पुसा, नाहीतर ती हँडल बसतं तिथल्या रबरावर चिकटून गळती सुरू होते. कप वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि बटण दाबल्यापासून वेळ मोजा. 25 ते 30 सेकंदांत 28 ग्रॅम कॉफी उतरायला हवी.

पंधरा सेकंदांत फिकट, आंबट कॉफी आली तर एक टिचकी बारीक करा. पंचेचाळीस सेकंद थेंब-थेंब पडत राहिली आणि कडू लागली तर जाडसर करा. एकाच बाजूनं पिचकारी उडाली तर दळणाला दोष देऊ नका: गुठळी राहिली असेल किंवा टॅम्पर तिरका बसला असेल, आणि पाण्यानं तिथून वाट काढली असेल. वजन 14 ग्रॅमच ठेवून एका वेळी फक्त दळण बदला, दोन्ही बदललीत तर काय चुकलं ते कळत नाही. नंतर चोथ्यावर वरच्या स्क्रूचा ठसा दिसला तर पावडर जास्त झाली आहे. अर्धा-एक ग्रॅम कमी घ्या.

शॉट झाल्याबरोबर हँडल काढू नका. स्वस्त मशीनमध्ये उरलेला दाब सोडणारी झडप बहुधा नसते, त्यामुळं गरम चोथा अंगावर उडतो. अर्धा मिनिट थांबा. मध्येच लाइट गेली तरी हेच.

दूध

सांगली-साताऱ्यात दुधाची कमतरता नाही, पण गवळ्याकडचं म्हशीचं दूध थेट जगात ओतू नका. वाफेनं दूध 60 अंशांपर्यंतच तापवायचं असतं, तेवढ्यात कच्चं दूध सुरक्षित होत नाही. आधी उकळा, फ्रिजमध्ये पूर्ण गार करा आणि साय गाळून काढा. सायीचा एक तुकडासुद्धा फेस फोडतो. भिलवडीच्या चितळ्यांसारख्या डेअरीचं पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, ते फ्रिजमधून थेट वापरता येतं. फेस प्रथिनांमुळं टिकतो, फॅटमुळं दाटपणा येतो. सुरुवातीला 3 टक्के फॅटच्या टोन्ड किंवा 3.5 टक्क्यांच्या गायीच्या दुधावर हात बसवा. 6 टक्क्यांचं फुल क्रीम चवीला भारी, पण फेस जड होतो आणि कप लवकर गच्च वाटतो.

350 मिलीच्या जगात 120 मिली थंडगार दूध घ्या. वाफेचं बटण दाबून मशीन तापलं की नळीत साचलेलं पाणी आधी वेगळ्या कपात सोडा, नाहीतर दूध पातळ होतं. नळीचं टोक दुधाच्या जेमतेम खाली ठेवा. कागद फाटल्यासारखा बारीक चर्र आवाज यायला हवा. मोठे बुडबुडे आले तर टोक फार वर आहे, किंचाळल्यासारखा आवाज आला तर फार खोल. जग कोमट लागेपर्यंतच हवा घ्या. मग टोक थोडं खाली नेऊन दूध गोल फिरू द्या. जगाच्या तळाला दोन सेकंदांपेक्षा जास्त हात टेकवता येईना की बंद करा. 70 अंशांपुढं फेस कोरडा होतो आणि दुधाला शिजल्याचा वास येतो.

नळीवर प्लॅस्टिक किंवा स्टीलचं आवरण असेल तर त्याच्या बाजूचं हवेचं भोक दुधाबाहेर राहिलं पाहिजे. ते बुडालं की फेस येतच नाही. साखर हवी असेल तर कपात एस्प्रेसोखाली घाला, जगात नको.

नळी ताबडतोब ओल्या फडक्यानं पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. दूध आत सुकलं की भोक बुजतं, वर मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

वाफेनंतर बॉयलर फार तापलेला असतो. नळीतून गरम पाणी सोडत राहा. थुंकल्यासारखी वाफ थांबून सरळ धार आली की मगच पुढचा शॉट, नाहीतर तो करपतो. पाहुणे असतील तर सगळे एस्प्रेसो आधी काढा आणि दूध शेवटी तापवा.

पाणी आणि निगा

स्वस्त मशीन मरतं ते बहुतेक वेळा क्षारांनी. जत, आटपाडी, माण-खटाव भागात बोअरचं पाणी बहुधा जड असतं. डाळ लवकर शिजत नसेल, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर येत असेल, तर ते पाणी मशीनला नको. आरओचं अगदी 20-30 टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) पाणीही कॉफी मचूळ करतं. आरओच्या यंत्राला टीडीएसचा स्क्रू असेल तर 80 ते 120 वर ठेवा.

आत साचलेले क्षार काढायला एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून टाकीत भरा. निम्मं नळीतून आणि हँडलच्या जागेतून काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, उरलेलं काढा आणि दोन टाक्या साधं पाणी सोडा. रात्रभर ठेवू नका, स्वस्त मशीनचा बॉयलर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲसिड तो खातं. व्हिनेगर टाळा, वास राहतो आणि रबर खराब होतं. जड पाण्याला हे महिन्याला, चांगल्या पाण्याला दोन-तीन महिन्यांनी करा.

हँडलच्या कडेनं पाणी झिरपू लागलं तर आधी रबरी गॅस्केट आणि त्याची खाच जुन्या टूथब्रशनं घासा. तरीही गळत असेल तर गॅस्केट कडक झालं आहे. जुनं काढून त्याचा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी तिन्ही मोजा, आणि त्याच मापाचं सिलिकॉनचं मागवा. नुसतं ‘51 मिमीचं द्या’ म्हणून मागवलेलं बसेलच असं नाही.