जिओकॅशिंग: डबा शोधता येतो हो कुणालाही, नंतर वागायचं कसं ते वाचा

'रविवारी कॅश शोधायला जातोय' असं मी पहिल्यांदा घरात म्हणालो तेव्हा सगळ्यांना वाटलं माझं पाकीट हरवलं. मराठीत ही पंचाईत कायमचीच, कारण ती कॅश आणि ही कॅश बोलायला एकच. तर ही कॅश म्हणजे लपवून ठेवलेला डबा. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे कोऑर्डिनेट्स म्हणजे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, आपण फोनचं जीपीएस बघत तिथं जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि ॲपवर लॉग म्हणजे आपली नोंद टाकायची. झालं, एवढाच खेळ, दहा मिनिटांत कळतो. पण याच्या आजूबाजूला वागण्याबोलण्याच्या ज्या रीती आहेत ना त्या कळायला मला दोन वर्षं लागली आणि त्यातल्या निम्म्या मी आधी मोडल्या आणि मग शिकलो, म्हणून म्हटलं नवीन येणाऱ्यांसाठी लिहून ठेवावं.

थोडा इतिहास सांगतो, कारण बऱ्याच रीती तिथून आल्यात. मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकेनं सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि एका रात्रीत सगळ्यांचे रिसिव्हर साधारण दहापट अचूक झाले. लगेच 3 मे ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉन राज्यात जंगलात एक बादली ठेवली आणि तिचे कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले, नियम एकच, काहीतरी घ्या आणि काहीतरी ठेवा. तीन दिवसांत माइक टीग नावाच्या माणसाला ती सापडली पण. गंमत अशी की ती बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात बीन्सचा एक डबा होता, म्हणजे खड्डा खणलेला आणि आत खायची वस्तू, आजच्या नियमांत ही पहिली कॅश तपासणीतच नापास झाली असती. आता जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणायला बंदी आणि खायच्या वस्तू ठेवायला पण बंदी, कारण वासानं प्राणी येतात आणि डबा चावून टाकतात. वासाचा साबण, अगरबत्ती असलं पण नको.

आता शोधायला निघाल्यावर. पेन न्या. हसू नका, छोट्या डब्यांत पेन नसतंच आणि नॅनो म्हणजे नखाएवढ्या कॅशमध्ये तर नुसती कागदाची गुंडाळी असते. वहीत सही नसेल तर कॅशचा मालक, म्हणजे ती लपवणारा, तुमचा ऑनलाइन लॉग उडवू शकतो आणि त्यात तो काही चुकीचं करत नाही. दुसरं, फोन तुम्हाला जागेच्या चारपाच मीटरपर्यंत आणून सोडतो, झाडाखाली किंवा उंच भिंतींच्या मध्ये त्याहून जास्त फरक पडतो, तेव्हा जवळ आलात की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा. मी लपवणारा असतो तर कुठं ठेवलं असतं असा विचार करायचा. विनाकारण रचलेले दगड, वेगळ्याच दिशेला पडलेली फांदी, जरा जास्तच स्वच्छ असलेली फट. आणि शोधताना जागा उकरून ठेवू नका, फुलझाडं तुडवू नका, काही उचकटून बघायची वेळ येतेय असं वाटलं तर समजा तुम्ही चुकीच्या जागी आहात, कारण कॅश काढायला काही तोडावं लागेल अशी ठेवायचीच नसते.

मग येतात मगल. एका जादूच्या गोष्टीतून उचललेला शब्द, ज्यांना हा खेळ माहीत नाही ती आजूबाजूची माणसं. त्यांच्यासमोर डबा काढला की तुम्ही गेल्यावर कुणीतरी कुतूहलानं उघडतं, घरी नेतं नाहीतर कचऱ्यात टाकतं, याला कॅश मगल झाली म्हणतात. म्हणून थांबायचं. बुटाची लेस बांधा, फोनवर बोलल्यासारखं करा, बाकावर बसा, माणसं जाऊ द्या, नाहीच गेली तर दुसऱ्या दिवशी या. पण चोरट्यासारखं मात्र वागू नका हं, झुडपामागून डोकं काढून इकडे तिकडे बघणारा माणूस सगळ्यात जास्त लक्षात राहतो. आणि सिक्युरिटीवाल्यानं किंवा पोलिसानं विचारलं तर पहिल्याच वाक्यात खरं सांगायचं, ॲप उघडून नकाशा दाखवायचा. गोष्टी रचत बसू नका. आजवर बेवारस डबा दिसला म्हणून बॉम्बशोधक पथक बोलावण्याची वेळ अनेक ठिकाणी आलीय, म्हणून तर डब्यावर ही जिओकॅश आहे असं ठळक लिहायला सांगतात आणि शक्यतो डबा पारदर्शक ठेवतात.

डबा सापडला की आतल्या वस्तूंचा मोह होतो, खासकरून बरोबर लहान मुलं असतील तर. घ्या की, पण जे घ्याल त्याच्या तोडीचं किंवा त्याहून थोडं चांगलंच काहीतरी ठेवा. छान खेळणं उचलून बसचं तिकीट ठेवणारे लोक असतात. काहीच घेतलं नाही, काहीच ठेवलं नाही, नुसती सही केली, हे तर उत्तमच, मी बहुतेक वेळा तेच करतो.

पण आत कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यासारखा धातूचा टॅग दिसला आणि त्यावर नंबर असेल तर ती भेटवस्तू नाहीये! त्याला ट्रॅव्हल बग म्हणतात, नाण्यासारखं असेल तर जिओकॉइन, आणि ती वस्तू कुणाच्या तरी मालकीची असून प्रवासाला निघालेली असते. कुणाची तरी इच्छा असते की ती समुद्रापर्यंत पोचावी किंवा दहा देश फिरावी. पुढे नेऊन दुसऱ्या कॅशमध्ये ठेवणं जमणार असेल तरच उचला, नाहीतर नंबर टिपून नुसतं डिस्कव्हर, म्हणजे फक्त पाहिली, म्हणून लॉग करा आणि तिथंच राहू द्या. दोन आठवड्यांच्या वर तुमच्याकडे पडून राहिली तर मालकाला दोन ओळींचा निरोप टाका. नंबर दिसेल असा फोटो कुठंही टाकू नका, तो नंबर म्हणजे वस्तू हातात आल्याचा पुरावा, फोटो टाकला की घरबसल्या शंभर लोक लॉग करणार. अशा बऱ्याच वस्तू कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये संपतात, चोरीनं नाही तर आळसानं. माझ्या ड्रॉवरमध्ये पण एक आठ महिने होती, कबूल करतो.

सही झाली, आता परत ठेवणं. इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात. झाकण घट्ट लागलंय का बघा, वहीची प्लास्टिकची पिशवी मध्येच चिमटली तर नाही ना बघा, आणि डबा मिळाला तसाच आणि तिथंच ठेवा, यापेक्षा ती फट बरी वाटतेय म्हणून जागा बदलू नका. मी एकदा अंधार पडत होता म्हणून घाईत झाकण अर्धवट लावून निघून आलो, नंतर दोन दिवस पाऊस. पुढच्या माणसाचा लॉग होता, 'वहीचा लगदा झालाय, सही कुठं करू?' माझं नाव त्याच्या बरोबर आधीचं, म्हणजे सगळ्या जगाला कळलं.

लॉगबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. टीएफटीसी ही चार अक्षरं तुम्हाला सगळीकडे दिसतील, कॅशबद्दल थँक्स एवढाच अर्थ. साध्या कॅशला चालून जातं. पण विचार करा, मालकानं जागा शोधली, परवानगी काढली, डबा रंगवला, कोडं तयार केलं, दर काही महिन्यांनी जाऊन वही बदलतो, आणि या सगळ्याचे त्याला पैसे मिळत नाहीत, मिळतात ते फक्त तुमचे लॉग. त्याच्या फोनवर मेल येतो, तो उत्सुकतेनं उघडतो, आणि आत टीएफटीसी. बरं दिसतं का ते? दोन वाक्यं लिहा. कसं सापडलं, काय फजिती झाली, बरोबर कोण होतं, सूर्यास्त कसा होता. पण जागा फोडू नका, 'तिसऱ्या पायरीखाली हात घाला' असं लिहिलं की पुढच्या माणसाचा खेळ संपला. कोड्याची कॅश, म्हणजे कोडं सोडवलं की मगच जागा कळते अशी, असेल तर उत्तर किंवा शेवटचे कोऑर्डिनेट्स कुठंच उघड टाकायचे नाहीत. अडलात तर मालकाला विचारा किंवा आधी ज्याला सापडली त्याला खाजगीत निरोप पाठवा, यात कमीपणा काही नाही, बहुतेक लोक खूश होऊन हिंट देतात, सरळ उत्तर मात्र देत नाहीत आणि मागू पण नका.

आणि न सापडणं. याला डीएनएफ म्हणतात, डिड नॉट फाइंड, आणि नवीन लोक हे लॉगच करत नाहीत, लाज वाटते. मी पण नाही करायचो. एका कॅशसाठी मी तास घालवला, नाही सापडली, गुपचूप घरी आलो. नंतर कळलं की डबा केव्हाच गायब झाला होता आणि माझ्या आधी तीन जण आणि नंतर दोन जण तसेच गुपचूप परत गेले होते, पहिल्यानं जरी डीएनएफ टाकला असता तरी मालक जाऊन बघून आला असता. तेव्हा टाकाच. किती वेळ शोधलं, कुठं कुठं शोधलं तेही लिहा. वही भिजलीय, डबा फुटलाय असं असेल तर मालकानं लक्ष द्यावं म्हणून वेगळा लॉग असतो तो टाका, ती तक्रार नसते. मात्र एक अजिबात करू नका, सापडत नाही म्हणून स्वतःच्या खिशातली नवीन डबी तिथं टाकून 'सापडली' म्हणून लॉग करणं. याला थ्रोडाउन म्हणतात. मूळ डबा बऱ्याचदा तिथंच असतो, तुम्हाला दिसलेला नसतो एवढंच, आणि मग एका जागी दोन डबे आणि मालकाच्या डोक्याला ताप. वही भरली असेल तर कागदाची एक जादा पट्टी घालणं हे मात्र चांगलं काम, मी खिशात नेहमी दोन पट्ट्या ठेवतो.

एफटीएफ म्हणजे सगळ्यात पहिल्यांदा सापडणं. याचं वेड असलेले लोक नवीन कॅशचं नोटिफिकेशन आलं की रात्री दोनला टॉर्च घेऊन निघतात. मला ते जमत नाही पण हौस आहे ज्याची त्याची. जागेवर दोघं एकदम पोचले तर भांडू नका, दोघांची नावं एकत्र लिहा, सगळीकडे तसंच करतात.

स्वतः कॅश लपवायची घाई करू नका. आधी पन्नासेक तरी शोधा, हा आकडा माझा आहे, नियम नाही. चांगली कशी असते आणि वैताग कशी असते हे त्याशिवाय कळत नाही. जागेच्या मालकाची परवानगी लागते, दुसऱ्या कॅशच्या डब्यापासून किमान 161 मीटर लांब ठेवावी लागते, झाडाला खिळा ठोकायचा नाही. लिस्टिंग म्हणजे कॅशची माहिती पाठवली की रिव्ह्यूअर ती तपासतो, हे लोक स्वयंसेवक असतात, पगारी नाहीत, त्यांनी प्रश्न विचारला की चिडून उत्तर देऊ नका. शोधण्याचं काठिण्य आणि वाटेचा अवघडपणा दोन्हीला 1 ते 5 असे आकडे द्यायचे असतात ते प्रामाणिकपणे द्या, चढ असलेल्या वाटेला दीड देऊन ठेवलं की गुडघे दुखणारा माणूस अर्ध्यातून परत येतो आणि तुम्हाला शिव्या घालतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथं तुम्ही परत परत जाऊ शकता तिथंच लपवा. सुट्टीला गेलात, जागा आवडली म्हणून डबा ठेवून आलात, मग त्याची वही कोण बदलणार? लक्ष दिलं नाही तर रिव्ह्यूअर आधी कॅश बंद करतो आणि मग कायमची अर्काइव्ह, म्हणजे यादीतून बाद.

शेवटी इव्हेंट, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. कुणीतरी जागा आणि वेळ टाकतो, लोक जमतात, गप्पा मारतात. पाचशेच्या वर लोक येणारे मेगा, पाच हजारांच्या वर गिगा, पण आठदहा जणांचा छोटा इव्हेंट सगळ्यात बरा. सिटो (कॅश इन, ट्रॅश आउट) नावाचे पण असतात, 2002 पासून चाललेत, त्यात सगळे मिळून कचरा उचलतात, हातमोजे आणि पिशवी घेऊन जायचं. इव्हेंटमध्ये टेबलावर ट्रॅव्हल बग मांडलेले असतात, नंबर टिपायला हरकत नाही, न विचारता खिशात टाकायचे नाहीत. आणि तिथं कुणी खरं नाव विचारत नाही, कॅशिंगचं नाव विचारतात, तेव्हा ते निवडताना जरा विचार करा कारण चारचौघांत मोठ्यानं सांगावं लागतं.

मी पहिल्या इव्हेंटला गेलो आणि माझं नाव सांगितलं तर समोरचे पांढऱ्या मिशांचे काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, 'अच्छा, म्हणजे तुम्हीच का ते लगदावाले?' ती कॅश त्यांची होती. मी मान खाली घालून हो म्हणालो. त्यांनी पिशवीत हात घातला, एक कोरी वही काढली आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, 'तिकडे परत गेलात तर एवढी ठेवून या, आणि झाकण दोन्ही बाजूंनी दाबा हं, डावीकडची क्लिप जरा ढिली आहे.'