ताकदवान लॅपटॉप घेताना वेगाइतकीच सेवाही तपासा

व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय आरेखनासाठी लॅपटॉप निवडताना बहुतेक जण ग्राफिक्स चिपचे नाव पाहून निर्णय घेतात. परंतु एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही एकच लॅपटॉप चिप लॅपटॉपच्या उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेनुसार ३५ ते ११५ वॅटपर्यंत वीज घेऊन चालू शकते, आणि त्यामुळे तेच नाव असलेल्या दोन यंत्रांच्या कामगिरीत मोठी तफावत पडते. म्हणून तपशीलपत्रकात वॅटचा आकडा अवश्य शोधावा आणि अर्धा तास सलग भार दिल्यानंतर वेग किती टिकतो, हे सांगणारी परीक्षणे वाचावीत, कारण पातळ यंत्रे तापली की स्वतःच वेग कमी करतात. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) कायमची सोल्डर केलेली असेल, तर ती पुढे सहसा वाढवता येत नाही; तेव्हा हेही आधीच पाहावे.

माझ्या मते सेवेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. पुण्यात राहणाऱ्याला सेवा केंद्र जवळ सापडेल, पण सावंतवाडी किंवा गडचिरोलीच्या ग्राहकाने आपल्या पिनकोडवर तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र कुरिअरने पाठवावे लागते, हे पैसे भरण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. यंत्र पडणे किंवा त्यावर पाणी सांडणे साध्या वॉरंटीत सहसा येत नाही. यंत्राची वॉरंटी तीन वर्षांची असली, तरी बॅटरीची अनेकदा एकच वर्षाची असते. परदेशातून नातेवाइकांकरवी यंत्र मागवत असाल, तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात लागू आहे का, हेही आधी पाहावे.