भरती-ओहोटी वजा केल्यावर उरणारा प्रवाह कसा मोजावा

भरतीचा प्रवाह सेकंदाला ०.५ मीटरपर्यंत चढत असेल, तर पाणी सव्वासहा तासांत सुमारे ७ किलोमीटर सरकतं आणि ओहोटीला जवळपास तेवढंच मागे येतं. पण वाऱ्याने ढकललेला सेकंदाला ५ सेंटिमीटरचा संथ प्रवाह दिवसभरात सुमारे सव्वाचार किलोमीटर एकाच दिशेला जातो. माशांची अंडी, गाळ, तेलाचा तवंग समुद्रबूड जमिनीवरून (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरून) दूर नेण्यात या संथ प्रवाहाचा वाटा मोठा. तो पकडायचा तर पाण्यासोबत वाहणारा मापक सोडावा.

१ मीटर उंच पीव्हीसी पाइपाला वर-खाली ५० सेंटिमीटरचे चार-चार आडवे हात लावा आणि त्यांच्यामध्ये कापड ताणून बसवा. वरच्या हातांच्या टोकांना छोटे फ्लोट, तळाला शिशाचं वजन, डोक्यावर जलरोधक डबीत जीपीएस. पाइपाला भोकं पाडाच. आत हवा कोंडली तर सगळा सांगाडा वर उचलला जातो.

खरी मेहनत तोल साधण्यात आहे. कापड पूर्ण बुडालेलं आणि फक्त डबी पाण्याबाहेर, असं वजन हवं. डोकं जास्त वर राहिलं की वारा त्याला ढकलतो, आणि ती चूक सहज सेकंदाला काही सेंटिमीटर होते, म्हणजे जे मोजायचं तेवढीच. तोल शांत खाऱ्या पाण्यातच साधा. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने गोड्या पाण्यातला तोल समुद्रात बिघडतो.

फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर ३ ते ५ मापक एकत्र सोडा. फेसात गेलेला मापक लाटेवर स्वार होऊन पाण्याच्या पुढे पळतो. तो भाग नोंदीतून काढून टाका. नोंद दर १० मिनिटांनी पुरे. सेकंदाला ०.१ मीटरच्या प्रवाहात १० सेकंदांत मापक १ मीटर हलतो आणि जीपीएसची चूकच ५ मीटर असू शकते.

मापक २४ तास ५० मिनिटांनंतरच उचला, म्हणजे भरती-ओहोटीची दोन पूर्ण चक्रं होतात. सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर ८९,४०० सेकंदांनी भागा. अठराव्या तासाला उचललात तर अर्धवट राहिलेली भरती उत्तरात घुसते. उधाणाच्या दिवसांत तर हमखास.

हे उत्तर वरच्या एका मीटरपुरतं. तसाच दुसरा सांगाडा बारीक दोरीने १० मीटर खोल टांगून सोबत सोडा. वरचा मापक किनाऱ्यापासून दूर आणि खालचा किनाऱ्याकडे येत असेल, तर काठाजवळच्या पाण्याचं तापमानही घ्या: खालचं थंड पाणी वर येत असेल तर तापमान उतरलेलं दिसेल.