आमदाराकडे झाडाचं गाऱ्हाणं नेताना

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं, पण तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, आधी द्यावा लागतो. म्हणून झाड वाचवायचं असेल तर आमदारांना दिवाळीआधीच गाठा.

आधी झाड मोजा. शिवणकामाचा टेप छातीच्या उंचीवर खोडाभोवती गुंडाळा. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला मी आणि आईने दोन्हीकडून टेप धरला. डिंक बोटांना चिकटला, आईचे डोळे भरून आले. राज्याच्या शहरी भागांसाठीच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, म्हणून वय सांगणारे जुने शेजारी शोधा.

मग एका पानाचा अर्ज: जागा, घेर, वय, फोटो. ‘लक्ष घालावे’ असं मोघम नको. नेत्याकडून ठोस काम मागायचं असतं. ‘सभागृहात प्रश्न मांडा,’ असंच लिहा.

सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.